रंग मुलाला कळत नाहीत, बोट मात्र माझ्याकडे

सप्रेम नमस्कार,

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी पाच. गेल्या महिन्यात मुलाने चित्रकलेच्या वहीत झाड काढलं. खोड हिरवं, पानं तपकिरी. बाईंनी ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारून वही घरी पाठवली. मीही त्याला रागावले. दुसऱ्या दिवशी त्याने मला तेलखडूची पेटी आणून दिली आणि म्हणाला, “तूच दाखव यातला झाडाचा कोणता.” तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं असलेलं एक पुस्तक त्याच्यासमोर धरलं. ज्या पानावर मला स्वच्छ ७४ दिसत होते, तिथे तो २१ म्हणाला आणि तेही अगदी ठामपणे. डॉक्टर म्हणाले, लाल-हिरवा रंगांधळेपणा आहे, जन्मजात आहे, काळजीचं कारण नाही. निघताना सहज पुढे म्हणाले, “हे आईकडून येतं.”

ते वाक्य सासूबाईंनी ऐकलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. “आमच्या सात पिढ्यांत असलं काही नव्हतं” हे मी आता दिवसातून दोनदा ऐकते. हे मध्ये पडत नाहीत, पेपर वाचत बसतात. मला सगळे रंग नीट दिसतात. माझ्या सख्ख्या भावालाही काही नाही. आईचे डोळे उत्तम. बाबा आता नाहीत. तेवढे एक शर्टाचं बटण लावायला बसले की रीळ आईपुढे धरून “हा हिरवाच ना?” विचारायचे, पण त्यांचं लक्ष नसायचं, आम्ही हसायचो. मग हे माझ्याकडून आलं कसं? दिवस गेलेले असताना मी तापाच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांचा हा परिणाम असेल का? मुलीलाही होईल का? माझ्या धाकट्या बहिणीला सध्या पाचवा महिना आहे. तिला सांगू की नको?

– एक आई

प्रिय ताई,

तुमच्या सासूबाई म्हणतात ते खरं आहे. हे तुमच्याकडूनच आलं. आधी हे सांगून टाकतो, कारण आईचं मन राखायचं म्हणून “दोघांकडूनही येऊ शकतं हो” असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं, तर तुम्ही ते घरात वाचून दाखवाल आणि डॉक्टरांचं वाक्य आठवणारी माणसं तुम्हाला पुन्हा तोंडघशी पाडतील. तेव्हा खरं काय ते पूर्ण ऐका. पूर्ण ऐकलंत तर लक्षात येईल की सासूबाईंच्या हातात गोष्टीचा एकच तुकडा आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. बाबांचा दोरा. ज्या माणसाचं लक्ष नसतं तो चुकीचा दोरा ओवून मोकळा होतो, दरवेळी रीळ दुसऱ्यासमोर धरून विचारत नाही. विचारतो तो माणूस ज्याला आपला इथे घोळ होतो हे पुरतं ठाऊक असतं. बाबांची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण नातवाचं झाड आणि आजोबांचा दोरा शेजारी ठेवले तर मला तरी शंका उरत नाही. लाल-हिरव्याचा गोंधळ असलेल्यांना हिरवा, तपकिरी, विटकरी हे रंग एकाच कुळातले वाटतात. तुमच्या मुलाचं खोड आणि पानं आपापसांत बदलली गेली ती त्यामुळेच.

आता आजोबांकडून नातवाकडे हे गेलं कसं, आणि मध्ये तुम्हाला शिवलंसुद्धा नाही ते कसं?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, ४६. (हा आकडा १९५६ साली पक्का झाला. त्याआधी कित्येक वर्षं पुस्तकांत ४८ छापत होते आणि पोरं तेच पाठ करत होती.) ही ४६ म्हणजे २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक वडिलांचं. मूल होताना आई आपल्या प्रत्येक जोडीतलं एकच देते, वडीलही एकच देतात. जनुकं या गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात.

पूर्वी लोकांना वाटे की आईबापांचे गुण मुलात रंगांसारखे मिसळतात. पांढऱ्यात काळा ओतला की करडा, तसं. ही समजूत मोडली ती ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने, ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावून. १८५६ ते १८६३ अशी सात-आठ वर्षं तो हे करत होता. उंच आणि बुटक्या रोपांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत झाडून सगळी उंच. मध्यम एकही नाही. बुटकेपणा नाहीसाच झाला म्हणावं, तर त्या उंच रोपांच्या पुढच्या पिढीत ७८७ उंच आणि २७७ बुटकी निघाली, साधारण तीनास एक. आणि ती बुटकी चांगली बुटकी होती, मधल्या पिढीतल्या उंचीने त्यांच्यात काही भर घातली नव्हती. म्हणजे गुण विरघळत नाही. जोडीदार प्रभावी असला की तो दबून बसतो आणि जशाच्या तसा पुढे जातो. मेंडेलने हे १८६५ साली वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तो १८८४ मध्ये वारला. जगाला त्याचं म्हणणं पटलं ते १९०० साली.

तुमच्या बाबांचा गुण असाच तुमच्यात दबून बसला. पण वाटाण्याच्या आणि तुमच्या गोष्टीत एक मोठा फरक आहे. सासूबाईंचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

२३ जोड्यांपैकी शेवटची जोडी लिंग ठरवणारी. बाईकडे दोन एक्स. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. एक्स चांगलं लांबरुंद, शेकडो जनुकांचं. वाय पिटुकलं, त्यावर मोजकीच जनुकं. म्हणजे एक्सवरच्या बहुतेक जनुकांची पुरुषाकडे एकच प्रत असते. बाईच्या एका प्रतीत बिघाड असला तर दुसरी सांभाळून घेते. पुरुषाकडे सांभाळून घ्यायला कोणी नाही.

लाल आणि हिरवा ओळखणारी जनुकं नेमकी एक्सवर आहेत, त्याच्या अगदी टोकाशी, एकमेकांना खेटून. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. एक प्रकाशाच्या लांब लहरींना जास्त दाद देते (ती लालची म्हणू), एक मधल्या (ती हिरव्याची), एक आखूड. पहिल्या दोघींची जनुकं इतकी सारखी आहेत की अक्षरागणिक लावून पाहिलं तर फरक शोधावा लागतो. तोच तर घोटाळा. कवितेची दोन कडवी एकाच ओळीने सुरू होत असली की म्हणता म्हणता आपण पहिल्यातून दुसऱ्यात घसरतो आणि मधलं गळून जातं, तसं इथे होतं. बीज तयार होताना बाईची दोन एक्स गुणसूत्रं शेजारी येऊन आपसांत तुकडे बदलतात. त्या वेळी एखाद्याची जुळणी एक घर सरकते. मग कोणा एका एक्सवर हिरव्याचं जनुक राहतच नाही, किंवा अर्धं लाल-अर्धं हिरवं असं जोडजनुक तयार होतं. ही घसरण तुमच्या घराण्यात केव्हातरी, कुठल्यातरी पणजीच्या खापरपणजीच्या बीजात झाली असेल. तेव्हापासून तो एक्स हातोहात पुढे येतो आहे.

आता वाट बघा. बाबांकडे तो एक्स होता, आणि एकुलताच होता. मुलगी झाली की बापाने एक्स दिला असंच असतं. त्याशिवाय ती मुलगी होतच नाही. त्यामुळे तुम्हाला तो मिळाला, आणि तुमच्या बहिणीलाही, शंभर टक्के. तुमच्या भावाला बाबांनी वाय दिला, म्हणून त्याचे डोळे चांगले. “माझ्या भावाला नाही, मग आमच्याकडून कसं?” असं तुम्ही विचारलं आहे. भावाला नसणं हे तुमच्या बाजूचा पुरावा नाही, ताई. भावाने त्याचा एक्स आईकडून घेतला आणि तो आईसारखा चांगला निघाला, एवढंच त्यातून कळतं.

तुम्हाला एक एक्स बाबांचा, एक आईचा. तुम्हाला रंग नीट दिसतात ते आईच्या एक्सच्या जोरावर. त्यातही एक गंमत आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कामाला असतो, दुसरा मिटून ठेवलेला असतो. कुठल्या पेशीत कुठला, हे गर्भातच आणि नशिबावारी ठरतं. मेरी लायन या शास्त्रज्ञ बाईंनी हे १९६१ मध्ये मांडलं. काळ्या आणि नारिंगी ठिगळांची मांजर पाहिली असेल तुम्ही. ती जवळजवळ नेहमी मादीच असते, याच कारणाने. एका ठिगळात एक एक्स बोलतो, शेजारच्या ठिगळात दुसरा. तुमच्या डोळ्याचा पडदाही आतून त्या मांजरीसारखा ठिगळांचा आहे. काही ठिगळं बाबांची, काही आईची. आईची तेवढी रंग ओळखायला पुरून उरतात.

आणि मग तुम्हाला मुलगा झाला.

इथे सासूबाईंना गोष्टीचा उरलेला तुकडा द्यायला हवा. तुम्ही मुलाला बाबांचा एक्स दिलात, हे खरं. पण नुसत्या त्या एक्सने त्याला हा गोंधळ झाला नसता. तुमच्या अहोंनी त्या वेळी आपला एक्स दिला असता, तर त्यांच्या चांगल्या प्रतीने सांभाळून घेतलं असतं आणि तुमच्या पोटी सगळे रंग दिसणारी मुलगी आली असती. त्यांनी दिला वाय. म्हणजे तुमचा एक्स आणि त्यांचा वाय, दोन्ही लागले. ज्या वायमुळे तो या घरचा मुलगा झाला, त्याच वायकडे या जनुकाची जोडीची प्रत नव्हती. यातलं अर्धंच उचलून बोट दाखवायचं असेल तर अर्धा निवडण्याचा हक्क दोन्ही बाजूंना आहे. अर्थात वायही कोणी मुद्दाम देत नाही, आणि एक्सही नाही.

सात पिढ्यांचा हिशेब मात्र मला मनापासून आवडला. करूनच पाहू. सात पिढ्या मागे गेलं तर तुमच्या मुलाचे त्या एका पातळीवरचे पूर्वज होतात १२८. त्यांपैकी किती जणांकडून त्याचा एक्स येऊ शकतो? मुलाला एक्स फक्त आईकडून, आईला तिच्या आईकडून आणि वडिलांकडून, त्या वडिलांना पुन्हा फक्त त्यांच्या आईकडून. असं मोजत गेलं तर पिढीगणिक आकडे येतात १, २, ३, ५, ८, १३ आणि सातव्या पिढीत २१. हे २१ च्या २१ तुमच्या माहेरचे. सासरच्या ६४ पूर्वजांपैकी एकाचाही या बाबतीत संबंध नाही, सगळे रंगांधळे असते तरी नसता आणि सगळे गरुडाच्या डोळ्यांचे असते तरी नसता. सात पिढ्यांत नव्हतं हे सासूबाईंचं म्हणणं खरंही असेल. ते या खटल्यात साक्षीला येत नाही इतकंच. शिवाय रंगांची गफलत असलेली माणसं ती कोणाला सांगत नाहीत. तुमच्या बाबांना तुम्ही तीसएक वर्षं पाहिलंत आणि तुम्हाला कळलं नाही.

एक करा. तुमच्या अहोंना एकदा त्याच ठिपक्यांच्या पुस्तकासमोर बसवा. मुलाला जे आहे त्याच्याशी त्यांचा संबंध नाही, पण मुलीच्या हिशेबात ते येतात, आणि सौम्य प्रकार असला तर माणसाला चाळिशीपर्यंत पत्ता नसतो. पेपर बाजूला ठेवायला तेवढंच निमित्त होईल. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्यांचं गप्प बसणं. सासूबाईंना माहिती अपुरी आहे, त्यांना समजावता येईल. ज्याला सगळं समजतं, त्याचं काय?

तापाच्या गोळ्या डोक्यातून काढून टाका. तुमच्या मुलाच्या वाट्याला कुठला एक्स येणार, ते गर्भ राहिला त्या क्षणी ठरलं होतं. गोळ्या त्यानंतरच्या. आणि त्याहून मागे जायचं तर बाईची बीजं ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागलेली असतात. म्हणजे ज्या बीजापासून तुमचा मुलगा झाला, त्याची सुरुवात तुमच्या आईला तुमचे दिवस गेले होते तेव्हाची. त्यावर कुठल्या गोळीचा आणि कुठल्या चुकीचा आळ घालणार?

मुलीचं सांगतो. तिला तुमच्याकडून दोनपैकी कोणताही एक्स आलेला असू शकतो, शक्यता निम्मी-निम्मी. वडिलांकडून मात्र चांगला आला आहे (ती ठिपक्यांची तपासणी नीट निघाली असं धरून). त्यामुळे तिला रंग दिसतील. फार तर ती तुमच्यासारखी वाहक असेल, म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण पुढे देऊ शकणारी. ते जनुक तपासून आताच कळून घ्यावं असा मोह होईल, आवरा. पाच वर्षांच्या मुलीला त्या माहितीचा काडीचा उपयोग नाही. मोठी होईल, तिला वाटलं तर ती करेल. ती तिची गोष्ट आहे.

निम्म्या शक्यतेचा अर्थही नीट घ्या, कारण याच्यात भलेभले फसतात. “पहिल्याला झालं, म्हणजे दुसरा नक्की सुटला” असं नसतं. नाणं उडवलं, छापा पडला, तरी पुढच्या वेळी नाण्याला मागचं आठवत नाही. वर्गात मी दरवर्षी नाणं उडवून घ्यायचो, आणि दरवर्षी एक तरी मुलगा सलग चार छापे पडल्यावर पाचव्याला काटा येणार म्हणून पैज लावायचा. तुम्हाला पुढे मुलगा झाला तर त्याचीही शक्यता निम्मीच, या मुलामुळे ना वाढलेली, ना घटलेली.

बहिणीला जरूर सांगा. बाबांना हे होतं असं धरलं तर ती वाहक आहेच, त्यात शक्यतेचा प्रश्नच नाही. मुलगा झाला तर निम्मी शक्यता, मुलगी झाली तर काळजी नाही (तिच्या वडिलांना रंग नीट दिसतात असं धरून). यात घाबरवण्यासारखं काही नाही, पाचव्या महिन्यात करण्यासारखंही काही नाही. फक्त मुलगा झालाच तर तो चार-पाच वर्षांचा असताना डोळे तपासून घ्या, म्हणजे त्याच्या वहीवर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा यायला नको. सांगताना तुम्ही जसं ऐकलंत तसं सांगू नका. बाबांच्या दोऱ्यापासून सुरुवात करा, ती हसेल आणि तिला चटकन समजेल.

हे किती सर्रास असतं तेही तुम्हाला माहीत असलेलं बरं. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरव्याचा असा काही ना काही गोंधळ असतो. इतरत्र प्रमाण बहुधा यापेक्षा कमी असतं. बायकांमध्ये सुमारे ०.५ टक्के. हा फरक का, ते आता तुम्हीच सांगाल. पुरुषाला एक बिघडलेला एक्स पुरतो, बाईला दोन लागतात, आणि शंभरातल्या आठांशी शंभरातल्या आठांची गाठ पडण्याचा योग हजारात सहाच्या घरात येतो.

या मंडळींत एक मोठा माणूस आहे. जॉन डाल्टन, अणूचा सिद्धान्त मांडणारा. त्याच्या लक्षात आलं ते एका गुलाबी फुलामुळे. दिवसा त्याला ते आकाशी दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडं. इतरांना विचारलं तर कोणालाच असा फरक दिसेना, फक्त त्याच्या भावाला दिसे. (भावालाच का, ते आता तुम्हाला सांगायला नको. आई एक.) १७९४ साली त्याने यावर निबंध वाचला. त्याचा अंदाज असा की आपल्या डोळ्यातलं पाणीच निळसर असावं, आणि मेल्यावर डोळा उघडून खात्री करा असं तो सांगून गेला. १८४४ मध्ये तो गेला, डॉक्टरांनी डोळा उघडला, पाणी स्वच्छ निघालं. अंदाज साफ चुकला. पण डोळ्याचे अवशेष जपून ठेवलेले होते, आणि १९९५ मध्ये त्यातून डीएनए काढून पाहिला तर मधल्या लहरींचं, म्हणजे हिरव्याचं म्हणतो ते जनुक गायब. दीडशे वर्षांनी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मुलाला ही गोष्ट सांगा. नऊ वर्षांच्या पोराला डोळा उघडून बघण्याचा भाग फार आवडेल.

आता एक सावधगिरी. एक्सचं हे गणित इतकं सुबक बसतं की माणसाला सगळंच असं बसवावंसं वाटतं. “उंची मामाची, राग आत्याचा, गणित आमच्याकडचं.” तसं नसतं. निव्वळ उंचीशी संबंध असलेल्या डीएनएतल्या १२,००० हून जास्त जागा २०२२ मध्ये शोधून काढल्या आहेत, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर, आणि वर लहानपणीचं पोषण आणि आजारपण वेगळंच. त्वचेचा रंग, स्वभाव, बुद्धी, सगळं असंच पुष्कळांच्या हातचं. मीही कमी फसलो नाही. जिभेची सुरळी करता येणं हा एका प्रभावी जनुकाचा खेळ आहे, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं, सगळ्या वर्गाला जिभा बाहेर काढायला लावून. १९४० साली ही कल्पना मांडली गेली आणि १९५२ मध्येच दिसून आलं होतं की हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला सुरळी जमते, दुसऱ्याला नाही. माझ्यापर्यंत ते पोचायला फार उशीर झाला. त्या वर्गांतली काही मुलं घरी जाऊन “आई, तुला जमत नाही, बाबांना जमत नाही, मग मी कोणाचा?” असं विचारत असतील, या विचाराने अजून कानकोंडं व्हायला होतं.

आणि ‘रक्तातच असतं’ असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, रक्ताच्या लाल पेशीत पूर्ण वाढीनंतर केंद्रकच उरत नाही. तिच्यात जनुकं शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. आनुवंशिकता वाहते ती बीजांतून.

मुलासाठी करायचं ते फार नाही. तेलखडूंच्या कागदावर रंगांची नावं ठळक अक्षरात लिहून द्या. शाळेतल्या बाईंना भेटून सांगा, तक्रारीच्या सुरात नको. फळ्यावर लाल खडूने लिहिलेलं त्याला कदाचित वाचता येत नसेल. नकाशात किंवा आलेखात फक्त रंगाने फरक दाखवला असेल तर बाजूला नाव किंवा खूण हवी. रस्त्यावरचा सिग्नल तो दिव्याच्या जागेवरून ओळखायला शिकेल, वर लाल, खाली हिरवा. चश्म्यांच्या जाहिराती तुम्हाला आता जागोजागी दिसू लागतील. रंगीत काचांनी काहींना दोन रंगांतला फरक थोडा ठळक होतो, पण नसलेलं जनुक काच देऊ शकत नाही, तेव्हा नवल घडेल या आशेने घेऊ नका. विमान चालवणं, रेल्वेचं इंजिन चालवणं अशा काही कामांना रंगांची अट असते, ते दहावी-बारावीच्या सुमारास त्याच्याशी बोला, आज नाही. आणि पाहुण्यांना एक गोष्ट स्पष्ट बजावा: “हा कुठला रंग सांग बघू?” हा खेळ बंद. आल्यागेल्याने त्याच्यासमोर वस्तू नाचवायची आणि तो चुकला की खिदळायचं, हे मी एका घरात डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या मुलाने मग रंगांची नावं घेणंच सोडून दिलं होतं.

सासूबाईंशी बोलायचं तर भांडणाच्या वेळी नको, निवांत वेळ बघा. सुरुवात कबुलीने करा: “आई, तुमचं खरं आहे, हे माझ्याकडूनच आलं, माझ्या बाबांकडून मला आणि माझ्याकडून त्याला.” जो मुद्दा तुम्ही स्वतःच मान्य केलात तो पुन्हा पुन्हा सांगण्यात कोणाला मजा येत नाही. मग कागदावर दोन एक्स आणि एक वाय काढा, आणि वाय कुठून आला ते त्यांनाच सांगू द्या. वायचं शस्त्र मात्र लगेच उगारू नका. त्या शहाण्या असतील तर त्यांचं त्यांनाच दिसेल. नसतील तर तुमचे अहो आहेत, आता त्यांच्याकडे पेपरची सबब राहिलेली नाही.

आणि तुमच्या आईला फोन करा. बाबा दोऱ्याखेरीज आणखी काय काय विचारायचे, ते सगळं आठवून लिहून घ्या: कुठला शर्ट, कुठली पेन्सिल, काय काय चुकलं, काय काय लपवलं. आईला बरंच माहीत असणार, रीळ तिच्याचपुढे धरलं जायचं. मुलाला ते वाचून दाखवा. घरात आपल्यासारखं दिसणारं आणखी कोणीतरी होतं, हे त्याला अजून माहीत नाही.